आराम पडणे

मागच्या मे महिन्यात माझ्या बोटांच्या पेरांवर आणि मनगटांवर लाल चट्टे उठले. खाज इतकी, की मीटिंगमध्ये हात टेबलाखाली धरून बसायचो. पुण्यातल्या डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून सांगितलं, मलम दिलं आणि विचारलं, "काम काय करता?" उत्तर ऐकून त्या हसल्या. "मलम लावाच, पण टेन्शन घेऊ नका. रिलॅक्स व्हायला शिका."

शिकायचं म्हटलं की इंजिनिअर आधी अॅप डाउनलोड करतो. रोज दहा मिनिटं श्वास मोजायला लागलो. विसाव्या दिवशी रिलीजच्या गडबडीत ते राहिलं. रात्री अकराला नोटिफिकेशन आलं: तुमची सलग दिवसांची साखळी तुटतेय. ते वाचून पोटात जे झालं त्यालाच टेन्शन म्हणतात.

डॉक्टर चुकीचं सांगत नव्हत्या. गर्भात त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था एकाच पेशीथरातून घडतात. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल वाढतं, आणि पाणी आत व जंतू बाहेर ठेवणारा त्वचेचा थर दुरुस्त व्हायला जास्त वेळ लागतो. त्यात खाजवलं की तो थर आणखी फाटतो, म्हणून आणखी खाजतं. न थांबणारा लूपच. रिलॅक्स होण्याचा उपयोग होतो हेही खरं. 1998 साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन आणि सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या 37 रुग्णांवर एक प्रयोग केला. सगळ्यांना प्रकाशकिरणांचे उपचार चालू होते. त्यातल्या काहींना उपचार घेताना ध्यानाची टेप ऐकवली. त्यांची त्वचा लवकर साफ झाली.

म्हणजे विज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. मला छळतो तो वेगळा प्रश्न: आराम ही कोणाची जबाबदारी?

जुलैत लावणीसाठी आठ दिवस गावी गेलो. हायवेवरून चेलाडी फाट्याला वळायचं, भोर तालुक्यातलं नसरापूर ओलांडायचं, मग मार्गासनी, आणि पुढे आमचा वेल्ह्याचा मुलूख. शनिवार होता. रस्ता राजगड-तोरण्याला निघालेल्या गाड्यांनी भरलेला. कडेला फार्महाऊस प्लॉटचे बोर्ड, शहराच्या धकाधकीपासून दूर वगैरे. लोक जिथे रिलॅक्स व्हायला येतात, तिथला मी.

संध्याकाळी काकी पायरीवर बसून पाय पुसत होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. दिवसभर खाचरातल्या पाण्यात उभं राहिलं की कातडी पांढरी पडते, भिजून फाटते, पाऊल टेकलं तरी आग होते. मी म्हणालो, "काकी, दोन दिवस थांब की. पाय कोरडे होऊ देत."

"आरं, रोप म्हातारं झालं मंजी? पाऊस माज्या पायासाठी थांबतोय व्हय?"

चिखल्या पाण्याने होतात, टेन्शनने नाही. तिथे श्वास मोजून काही होणार नव्हतं. पण खाचर हे तिचं निम्मंच काम. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळली आहे. काकी रात्री दोनदा उठून तिची कूस बदलते, पाठ पुसते. बेडसोअर हा शब्द तिला माहीत नाही, पण दोन वर्षांत आजीच्या पाठीवर एक जखम झालेली नाही. एका बाईची त्वचा शाबूत ठेवायला दुसरी बाई झोप देतेय.

1995 साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये संशोधकांनी 26 बायकांच्या हातावर सारखीच एक बारीक जखम केली. त्यातल्या 13 जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची काळजी घेत होत्या. त्यांची जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्यांना "टेन्शन घेऊ नका" म्हणून काय उपयोग झाला असता?

त्या क्रियापदातच निकाल लागून जातो. टेन्शन घेतलंस ते तू. दिलं कोणी, हे विचारायची गरजच उरत नाही. मीही हेच केलंय. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला एका शुक्रवारी संध्याकाळी टिकेट दिलं, सोमवारी सकाळी हवं म्हणालो आणि वर म्हणालो, "टेन्शन घेऊ नकोस." आपण किती समजूतदार लीड आहोत असंही तेव्हा वाटलं होतं.

उलट बाजूही मान्य करायला हवी. रात्री एकला मेल बघायला मला कोणी सांगितलेलं नसतं. तेवढं टेन्शन मी खरंच स्वतः घेतो. तेवढ्यापुरता श्वास मोजणं माझं काम, आणि ते मी अजून करतो. काकीकडे असं आपणहून घेतलेलं फारसं काही नाही. तिचं ओझं हलकं व्हायचं तर ते कोणीतरी उचलावं लागतं.

लावणीत ते उचललं जातं. आमच्याकडे सावड असते: आज आमच्या खाचरात पाच घरची माणसं, उद्या आम्ही त्यांच्या. काम कमी होत नाही, पण एकट्याच्या अंगावर पडत नाही. मात्र रात्रीच्या आजीला सावड नाही. घरात काका आहेत, वडील आहेत, सुट्टीला मीही असतो. आमच्यापैकी एकही जण कधी उठला नव्हता.

दुसऱ्या रात्री मी म्हणालो, आजीकडे मी बघतो. काकीनं शिकवलं: आधी खांदा, मग कंबर, मग पाठीला उशी. त्या रात्री ती दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्या रात्री आलीच नाही.

सकाळी शेजारच्या बाईंनी विचारलं, "पायाला आराम पडला का गं?"

"पाय हायेत तसंच. पर झोप लागली."

आराम पडणे. किती वर्षं हा शब्द ऐकतोय. दुखण्याला उतार पडतो तेव्हा आपण आराम केला म्हणत नाही, आराम पडला म्हणतो. तो हुकमाने आणता येत नाही. बाकीच्यांनी थोडी जागा करून दिली तर पडतो.

माझे चट्टे आता कमी आहेत. श्रेय बहुधा मलमाचं. परवा रिलीजच्या आधी त्या मुलीला विचारलं, "यातलं कुठलं मी करू?" आधी तिने संशयाने पाहिलं, मग दोन टिकेटं माझ्या नावावर टाकली.

गावी मात्र मी आठच दिवस होतो. नवव्या रात्री काकी पुन्हा उठली असणार. फोनवर काकांना म्हणालो, "आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही उठा." ते म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चं काय झालं ते मी दर रविवारी फोन करून विचारतो. काकांना ते आवडत नाही.