दुरुस्ती कुठवर?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभ्या असणाऱ्या कामगाराला म्हातारपण समजावून सांगावं लागत नाही. बेअरिंग झिजतं, मापात फरक पडू लागतो, देहाचंही तसंच. गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमाही याच समजुतीच्या जवळची आहे. पण बेअरिंग वापरल्याने झिजतं, तर स्नायू न वापरल्याने क्षीण होतो. मोडलेलं हाड सांधतं, पेशी आपल्या डीएनएची मोडतोड सतत दुरुस्त करतात. इतकं सगळं स्वतः सांधणारा देह मुळात जुना होतोच का?

जीवशास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी 1952 मध्ये याचं उत्तर दिलं. रानातले बहुतेक जीव म्हातारे होण्याआधीच भूक, रोग, शिकारी यांना बळी पडतात. त्यामुळे उतारवयात उपद्रव देणारे जनुकीय दोष नैसर्गिक निवडीच्या तावडीतून सुटतात. टॉम कर्कवुड यांनी 1977 मध्ये पुढचा दुवा जोडला: शक्ती मर्यादित असते, म्हणून देहाच्या डागडुजीवर ती वंशवाढीला पुरेल इतकीच खर्च होते. म्हणजे वार्धक्य हा कुणाचा निवाडा नाही. त्यात पूर्वकर्माचं फळ शोधणं मला तरी आजाऱ्याला दोषी ठरवण्यासारखं वाटतं.

श्रद्धावान म्हणेल, ईश्वर याच यंत्रणेतून काम करत असेल. असेलही. पण मग देवीचा रोगही त्याचीच योजना ठरतो, आणि 1980 मध्ये तो जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं तेव्हा धर्म बुडाला असं कुणी मानलं नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक वजनदार आहे: दोषच असेल तर तो काढून टाका, वैराग्य कशाला? सिंथिया केन्यन यांनी 1993 मध्ये एका जनुकातल्या बदलाने सूक्ष्म कृमीचं आयुष्य दुप्पट झाल्याचं दाखवलंच होतं. माणसात मात्र हिशेब अवघड आहे. बहुतेक पेशी ठरावीक विभाजनांनंतर थांबतात, आणि हेच थांबणं कर्करोगाला आवर घालतं. बहुतेक कर्कपेशी ती मर्यादा मोडूनच बेफाम वाढतात. एक दोष उपटताना एक पहारेकरीही जातो.

म्हणून ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय मला वस्त्राच्या उपमेपेक्षा जवळचा वाटतो. तिथे जरेचं विस्तृत वर्णन आहे, आणि ते विशीतल्याही नसलेल्या मुलाने केलेलं आहे. म्हातारपण आल्यावर सोसा, असा त्याचा रोख नाही. तारुण्यातच ते पाहून ठेवा, असा आहे. आणि देहात त्याची सुरुवात तेव्हाच झालेली असते: रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी पौगंडावस्थेपासूनच आकसू लागते.