लक्ष, आळस आणि अपराध

शाळेत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी आज्ञा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी चटकन सांगेन, 'लक्ष दे'. 'बसा', 'लिहा', 'वही काढा' या आज्ञांचा क्रमांक तिच्यानंतर लागतो. गंमत अशी, की या बाकीच्या आज्ञा कशा पाळायच्या हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वही काढायची म्हणजे दप्तरात हात घालायचा. पण लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? डोळे फळ्याकडे वळवता येतात, पाठ ताठ करता येते, हाताची घडी घालता येते. एवढे सगळे करूनही लक्ष खिडकीबाहेर असू शकते. आपण मात्र आज्ञा मोडली म्हणून बोल लावून मोकळे होतो. जागेवर न बसणारा उद्धट, आणि लक्ष न देणारा आळशी, बेफिकीर, वाया गेलेला. म्हणजे लक्ष नसणे ही आपल्या लेखी नुसती उणीव नसते, तो अपराध असतो. हे न्यायाचे आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न एका झटक्यात सुटलेला नाही. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात लक्ष आणि त्याचे विकार यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. पुढे १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली. बुद्धीने कमी नसलेली, पण एका जागी मन न ठरणारी, आवेगाने वागणारी आणि शिक्षा करूनही पुन्हा तेच करणारी मुले त्याने पाहिली होती. यामागे शारीरिक कारण असावे, असे त्याला वाटत होते; पण नाव देताना त्याने जे दिले त्याचा अर्थ होतो 'नैतिक नियंत्रणातील दोष'. एका हाताने त्याने या मुलांना रोगी ठरवले आणि दुसऱ्या हाताने अपराधी. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'अवधान-न्यूनता विकार' हे नाव मुक्रर केले, १९८७ मध्ये त्याला 'अतिचंचलता' हा शब्द जोडला गेला. वैद्यकाच्या पुस्तकातून 'नैतिक' हा शब्द गेला. आपल्या शिक्षकखोलीतून आणि स्वयंपाकघरातून तो अजून गेलेला नाही.

आज जे निश्चितपणे माहीत आहे ते थोडक्यात सांगतो. जगभरातल्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना हा विकार असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसते. निदानासाठी नुसती एका शिक्षकाची तक्रार पुरत नाही. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, निदान सहा महिने आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. दंगा करणारा मुलगा लवकर नजरेत भरतो. गप्प बसून हरवलेली मुलगी वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाचनाची गोष्ट याला लागून आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, चुणचुणीत. पण छापील शब्द त्याला ओळखता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. हा झाला अक्षरांशी अडणारा विद्यार्थी. पण अक्षरे सुटली म्हणजे वाचन झाले असे नाही. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे एक सोपे सूत्र मांडले. शब्द ओळखणे आणि भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य झाले की उत्तर शून्य.

आपल्या शाळांत यातला दुसरा भाग सहज झाकला जातो. देवनागरी लिपी उच्चाराशी बरीच इमानदार आहे. एकदा बाराखडी पक्की झाली की मूल न समजलेला मजकूरही खणखणीत वाचून दाखवते, आणि आपण त्याला शाबासकी देऊन खाली बसवतो. मात्र आपल्या भाषेचे एक वैशिष्ट्य विसरू नये. मराठीत क्रियापद शेवटी येते, शेजारच्या कन्नडमध्येही तसेच. कर्ता, कर्म, मधली दोन विशेषणे, एखादे 'जो-तो'चे उपवाक्य, हे सगळे मनाच्या ओंजळीत धरून ठेवावे, तेव्हा शेवटी क्रियापद येते आणि अर्थ जुळतो. ज्याची ओंजळच गळकी, त्याच्या हाती शेवटी नुसते क्रियापद उरते. 'केले' हे त्याला कळते. कोणी, काय, कोणासाठी, हे वाटेत सांडलेले असते.

आठवीतली एक विद्यार्थिनी माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्पष्ट उच्चार, सुरेख वाचन. वाचलेल्या परिच्छेदात काय आहे असे विचारले की मान खाली. कन्नड आणि इंग्रजीत ती मागे होती, तेव्हा सर्वांनी आपल्या भागातले ठरलेले उत्तर दिले, की घरात मराठी, दारात कन्नड, डोक्यावर इंग्रजी, तीन भाषांच्या तीन लिप्या, पोर गोंधळणारच. पण मराठीच्या धड्यातही तेच होत होते. तोच धडा चार-चार ओळींचा करून दिला, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून विचारले, की ती नेमके सांगायची. तिच्या आईवडिलांशी बोलणे झाले तेव्हा आई म्हणाली, "सर, घरी पण तसंच. दुकानातून तीन जिनसा आण म्हटलं की दोन आणते, आणि तिसरी कुठली ते विचारायला परत येते." वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मीही असाच होतो, सर. मला फक्त मार बसला." हा विकार अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही सुटत नाही, आणि कित्येक आईबापांना आपल्या बालपणाचा अर्थ मुलाच्या तपासणीच्या वेळी प्रथम कळतो.

द्विभाषिक मुलखात भाषेला दोष देणे सोयीचे असते, कारण त्यात कोणाचाच अपमान होत नाही. कधी कधी ते खरेही असते. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा त्या वर्णनात सरस ठरली. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला भरती-ओहोटीचा धडा अडला तर तो विकार नव्हे. म्हणून पारख अशी करावी: अडचण केवळ भाषेची असेल तर ती मातृभाषेत आणि ओळखीच्या विषयात ओसरते, लक्षाची असेल तर ती मुलाच्या मागोमाग तिन्ही भाषांत जाते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. पालक विचारतात, "सर, क्रिकेटची मॅच तीन-तीन तास बघतो. तेव्हा कुठं जातो तुमचा विकार?" प्रश्न रास्त आहे. जिथे हवे तिथे लक्ष लागते, तर नको तिथे तो मुद्दामच लावत नाही, असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी, की उतारावर सायकल आपोआप धावते. तिच्यावरच्या माणसाच्या पायांत किती बळ आहे हे उतारावर कळत नाही, चढावर कळते. मॅच हा उतार आहे. तिथे लक्ष ओढले जाते, द्यावे लागत नाही. या मुलांत लक्षाचा दुष्काळ नसतो. ते स्वतःच्या इच्छेने वळवण्याची आणि वळवलेल्या जागी टिकवण्याची ताकद तोकडी असते. इच्छा आहे पण इच्छेचे ऐकणारे कोणी नाही, अशी ती अवस्था. जे करायला हवे असे आपण म्हणतो, ते करता येण्याजोगे असले पाहिजे, हे कांटच्या नावाशी जोडलेले नीतीचे तत्त्व इथे लागू पडते.

हा भेद आपल्या परंपरेला अनोळखी नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत आळस आहे, आणि आळसाहून वेगळे मोजलेले 'अनवस्थितत्व'ही आहे. म्हणजे गाठलेल्या जागी चित्त न टिकणे. यादीची सुरुवात व्याधीपासून होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सूत्रकारांना आधुनिक विकार ठाऊक होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण मन न टिकणे म्हणजे आळस नव्हे, एवढे त्यांना दिसले होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याच्यावर रागावत नाही. ते आवरणे कठीण आहे हे आधी मान्य करतो, आणि मगच अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतो. आधी अडचण मान्य करायची, मग उपाय सांगायचा. आपण नेमका हा क्रम उलटा करतो.

मग परीक्षेत जादा वेळ देणे हा इतरांवर अन्याय नाही का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार वाढवून एकवीस केले, आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अवधान-न्यूनतेचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. कायदा काहीही म्हणो, न्यायाचा विचार आपण स्वतः करू शकतो. परीक्षा कशाची आहे, हे आधी विचारावे. इतिहासाचा पेपर इतिहास किती कळला हे मोजण्यासाठी असेल, तर प्रश्न वाचायला लागणारा वेळ हे त्याचे माप नव्हे. ज्याला तो जास्त लागतो त्याला दिल्याने माप बिघडत नाही, उलट सरळ होते. पण धावण्याच्या शर्यतीत वेळ हेच माप असते, तिथे जादा वेळ मागता येणार नाही. कोणते काम कोणत्या जातीचे आहे हे ठरवण्याचे कष्ट मोठ्यांनी घ्यायचे आहेत. ते टाळून सर्वांना एकच नियम लावणे ही समता नव्हे, ती सोय आहे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग या मुलांना काही बोलूच नये. मला ते तितकेच घातक वाटते. पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मधल्या एका निबंधात म्हटले आहे, की आपण माणसांशी दोन तऱ्हांनी वागतो. एका तऱ्हेत त्यांच्यावर रागावतो, त्यांचे आभार मानतो, त्यांच्याकडून अपेक्षा करतो. दुसऱ्या तऱ्हेत त्यांना हाताळायची, सांभाळायची वस्तू समजतो. 'त्याला विकार आहे, त्याला काय विचारायचे' असे म्हणणारा दयाळू माणूस मुलाला नकळत पहिल्या वर्तुळातून उचलून दुसऱ्यात ठेवतो. रागावणे हाही एक प्रकारचा मान असतो. तू यापेक्षा चांगले करू शकतोस, हे त्यात गृहीत धरलेले असते. तो मान हिरावून घेतलेले मूल सूट मिळूनही सुखी होत नाही.

म्हणून मला दोष आणि जबाबदारी यांची फारकत करावीशी वाटते. धडा डोक्यात टिकला नाही, हा मुलाचा दोष नाही. पण आपला धडा टिकत नाही हे ओळखून पेन्सिलीने ओळी पाडणे, चार ओळींनंतर थांबणे, वहीत दोन शब्द टिपणे, विसरल्यावर दुसऱ्याची झालेली गैरसोय मान्य करणे, ही जबाबदारी त्याची आहे. आणि ती पेलता येईल अशा आकाराची करून देणे ही आपली. सूचना एका वेळी एक द्यावी. फळ्यावर लिहावी. वाचलेले तोंडी सांगायला लावावे. प्रकट वाचनाच्या शाबासकीबरोबर 'काय कळलं?' हा प्रश्न न चिडता विचारावा. निदान आणि औषध हा डॉक्टरांचा प्रांत आहे. तिथे शाळेने सल्ला देऊ नये आणि शेजाऱ्यांनी तर मुळीच नाही. एवढे करूनही मूल पहिल्या दहांत येईल, असे वचन मी देत नाही. ज्या गोष्टीवर त्याचा ताबा नाही तिच्यासाठी त्याने स्वतःला नालायक समजू नये, आणि ज्या गोष्टीवर आहे ती सोडू नये, एवढेच साधायचे आहे.

समर्थांनी मनाला उपदेश करणारे दोनशे पाच श्लोक रचले. घरोघरी ते पाठ आहेत, आपल्या सीमेवरच्या घरांत तर अधिकच. त्यांत मनाला हाक मारताना समर्थ त्याला 'सज्जन' म्हणतात. भटकणाऱ्याला परत बोलावायचे तर असेच बोलवावे लागते. शिवी देऊन बोलावलेले मन परत आले तरी दाराशी उभे राहते, आत येत नाही. स्वतःच्या मनाशी बोलताना जी रीत आपण शिकलो, ती समोरच्या बाकावरच्या मनाशी बोलताना का सोडावी?