संघ कोणाचा?

क्रिकेटचा एखादा संघ नेमका कोणाचा असतो? प्रश्न वरकरणी बाळबोध वाटेल. ज्याने पैसे मोजले, ज्याच्या नावाने करारपत्र झाले, त्याचा; व्यवहाराचे उत्तर इतके सरळ आहे. परंतु मालकाच्या घरातूनच एखादे गैरकृत्य उघडकीस आले आणि ते निस्तरताना मालकाने संघापेक्षा घर जपले, तर प्रेक्षकाच्या मनात जो संताप उसळतो तो या सरळ उत्तरात बसत नाही. ज्याचा संघ त्याने तो हवा तसा चालवावा, त्यात आपण रागावणारे कोण? तरीही माणसे रागावतात. हा राग पोरकट म्हणून झटकून टाकावा, की त्यात काही नैतिक सत्य आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

वर्धा जिल्ह्यातील आमचे तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. येथल्या माणसाचा दिवस कापसाच्या भावात आणि पावसाच्या चिंतेत सरतो. तरी आयपीएलचे सामने सुरू झाले की संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बैठक जमतेच. २०१० साली या स्पर्धेचे काही सामने नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर झाले होते. एरवी हा खेळ आम्हांला पडद्यावरच भेटतो. कोणी मुंबईचा, कोणी कोलकात्याचा, आणि धोनीवरील प्रेमामुळे चेन्नईचा कैवार घेणारेही पुष्कळ. चेन्नई त्यांच्या भाषेची नाही, प्रांताची नाही. त्या संघात त्यांचा एक पैसा गुंतलेला नाही. त्यांनी दिलेला असतो तो केवळ विश्वास: समोर जे दिसते आहे ते खरे आहे, चेंडू पडेपर्यंत त्याचे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही, हा विश्वास. २०१३ साली या विश्वासाला तडा गेला, तेव्हा तरुण मंडळी आम्हांला विचारू लागली, "फादर, खेळाडूला एक न्याय आणि मालकाच्या जावयाला दुसरा, हे कसं?"

त्या प्रकरणाची हकिकत थोडक्यात आठवू. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून मुंबईत अटक केली. आठवडाभरातच, २४ मे रोजी, मुंबई पोलिसांनी सट्टेबाजीच्या आरोपावरून गुरुनाथ मय्यप्पन यांना पकडले. हे गृहस्थ चेन्नई सुपर किंग्जच्या गोटात वावरणारे आणि एन. श्रीनिवासन यांचे जावई. श्रीनिवासन हे तेव्हा इंडिया सिमेंट्सचे प्रमुख होते. त्यांच्या कंपनीने २००८ साली ९ कोटी १० लाख डॉलरना चेन्नईचा संघ विकत घेतला होता. शिवाय, आणि येथेच गाठ पडते, ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही होते. संघ विकत घेतला तेव्हा ते मंडळाचे कोषाध्यक्ष होते. मंडळाच्या पदाधिकाऱ्याचे मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध असू नयेत, असा नियम होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बदलून आयपीएलला त्यातून वगळण्यात आले. म्हणजे पीक आणि कुंपण एकाच्याच ताब्यात गेले.

प्रकरण उघड झाल्यावर काय घडले? कंपनीने जाहीर केले की मय्यप्पन हे संघाचे मालक नाहीत, प्रमुखही नाहीत. व्यवस्थापनातील केवळ मानद सदस्य आहेत. ज्यांना संघाबरोबर बसता-उठता साऱ्या देशाने पाहिले होते, ते एका पत्रकाने परके झाले. अध्यक्षांनी आपण काही चूक केलेली नाही, सबब राजीनामा देणार नाही, असे सांगितले. चौकशीसाठी मंडळानेच समिती नेमली. तिच्यावर मंडळाचे सचिव, इंदूरचे संजय जगदाळे यांचेही नाव होते. परंतु ३१ मे रोजी जगदाळे आणि पुण्याचे कोषाध्यक्ष अजय शिर्के या दोघांनी आपापली पदे सोडली. २ जून रोजी श्रीनिवासन चौकशीपुरते बाजूला झाले. उरलेल्या दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने जुलैच्या अखेरीस, गैरकृत्याचा पुरावा नाही, असा अहवाल दिला. दोनच दिवसांत, ३० जुलै रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने त्या समितीची रचनाच बेकायदा ठरविली. न्यायालयाचे दार ठोठावले होते ते बिहारमधील एका क्रिकेट संघटनेने, आणि मंडळाची तिला मान्यतादेखील नव्हती. घरातल्यांनी विचारावयाचा प्रश्न उंबऱ्याबाहेरच्याने विचारला.

त्याच सप्टेंबरात अटक झालेल्या खेळाडूंपैकी श्रीशांत आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांच्यावर मंडळाने आजन्म बंदी घातली, आणि त्याच महिन्यात श्रीनिवासन पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले. (पुढे २०१५ साली दिल्लीच्या न्यायालयाने या खेळाडूंना फौजदारी आरोपांतून मुक्त केले आणि कालांतराने त्यांची आजन्म बंदीही सात वर्षांवर आली, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे.) तळेगावच्या मुलांचा प्रश्न येथूनच उगवला होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती मुकुल मुदगल समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये, मय्यप्पन हे संघाचे अधिकारीच होते आणि त्यांनी सट्टा लावला, असा निष्कर्ष दिला. अखेर १४ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले.

येथे प्रतिपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. २२ जानेवारी २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, श्रीनिवासन यांनी प्रकरण दडपल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मग ज्याने स्वतः सट्टा लावला नाही, ज्याच्यावर दडपादडपीही शाबीत झाली नाही, त्याने जावयापायी पद का सोडावे? एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला का? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्यात एक गल्लत आहे. बाजूला होणे म्हणजे शिक्षा भोगणे, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः बाजूला होणारा माणूस एवढेच सांगत असतो की, "सत्य शोधणाऱ्यांच्या वाटेत माझी सावली पडू नये." त्याच निकालाने पुढे असाही दंडक घातला की, ज्याचे खेळात व्यापारी हितसंबंध आहेत त्याने मंडळाची निवडणूक लढवू नये, नियमातील २००८ ची दुरुस्तीही रद्द केली. माणूस निर्दोष असूनही त्याचे आसन सदोष असू शकते, हा विवेक न्यायालयाने दाखविला.

कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे रोमन विधीचे जुने सूत्र आहे. त्यामागील मनुष्यस्वभावाची ओळख आपल्याला दावीद राजाच्या कथेत होते. नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावली. दावीद संतापून तत्काळ न्याय देतो, आणि तो न्याय अचूक असतो. का? कारण आरोपी आपणच आहोत हे त्याला अजून कळलेले नसते. स्वतःचे नाव कळले असते तर याच बुद्धिमान राजाने किती सबबी शोधल्या असत्या! आपली न्यायबुद्धी शाबूत असते. फक्त स्वतःच्या दाराशी आली की ती चप्पल काढून हळूच आत येते. म्हणून सज्जन माणसालाही आपल्या घरापुरता दुसरा न्यायाधीश लागतो. सज्जनालाच ते आधी समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: संघ कोणाचा? याचे उत्तर शोधावयास आमच्या जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा विचार आग्रहाने मांडला. ज्याच्या हाती संपत्ती आहे त्याने स्वतःला तिचा धनी न समजता राखणदार समजावे, हे त्याचे सार. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, तेव्हा घराण्याने बांधलेली वास्तूही केवळ घराण्याची नसते, हेच त्यांनी कृतीने दाखविले. संघाचेही तसेच. करार, खेळाडूंचे वेतन, जाहिरातींचे उत्पन्न ही मालकाची मालमत्ता खरीच. पण संघाला जे मोल आहे ते लाखो माणसांनी ठेवलेल्या विश्वासाचे. तो विश्वास मालकाने विकत घेतलेला नाही. तो त्याच्याकडे ठेव म्हणून आलेला आहे. ठेवीला धक्का लागला की राखणदाराने हिशेब द्यावा लागतो. चाहत्याचा संताप हा त्या ठेवीदाराचा संताप आहे, आणि म्हणून तो न्याय्य आहे.

अशा प्रसंगी कारभारी माणसे एक युक्तिवाद नेहमी करतात: बोभाटा झाला तर संस्थेचे नाव जाईल, लोकांचा विश्वास उडेल, म्हणून घरातले घरात मिटवावे. नीतिशास्त्रात ज्याला अडखळण म्हणतात, त्या कल्पनेचा हा विपर्यास आहे. अडखळण या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द सापळ्याशी निगडित आहे. आपल्या वर्तनाने दुसऱ्याचा पाय अडकून तो पडणे, ही अडखळण. संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला आहे आणि लोकांना धक्का बसेल या भयाने सत्य व न्याय सोडता कामा नये, असा निर्वाळा दिला आहे. लोक अडखळतात ते गैरकृत्यामुळे आणि ते झाकल्यामुळे. उघड केल्याने ते सावरतात. ख्रिस्तसभेलाही हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला. बोस्टन येथील बालशोषणाची प्रकरणे २००२ साली उजेडात आली, त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. संस्थेचे नाव राखण्यासाठी पीडितांना गप्प ठेवले गेले, आणि नाव तर गेलेच, शिवाय त्या लेकरांचे दुःख वर्षानुवर्षे कोणी ऐकले नाही. क्रिकेटचा सट्टा आणि हे पातक यांची तुलना होऊ शकत नाही. पण झाकणारा हात मात्र एकाच सवयीचा असतो.

तथापि चाहत्याला हक्क आहेत तसे कर्तव्यही आहे, आणि ते सांगितल्याविना हा विचार पुरा होणार नाही. बंदी संपवून दोन्ही संघ २०१८ साली परतले. कावेरीच्या पाणीतंट्यामुळे चेन्नईचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलविण्यात आले, तेव्हा चेन्नईहून खास रेल्वेगाडीने चाहते पुण्याला आले. २० एप्रिल रोजी तेथे समोरासमोर उभे ठाकलेले संघ होते चेन्नई आणि राजस्थान. बंदी भोगून आलेले हे दोघेच. त्या वर्षी चषकही चेन्नईने जिंकला. प्रेमाची ही निष्ठा हृद्य आहे, यात शंका नाही. खेळाडूंनी घाम गाळून मिळविलेल्या यशावर डाग लावण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु चषक म्हणजे पापमुक्ती नव्हे. समेटाच्या वाटेवर पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त अशा तीन पायऱ्या आहेत, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. दोन वर्षांची बंदी ही तिसरी पायरी झाली, तीही बाहेरून लादलेली. पहिल्या दोन पायऱ्या विजयाच्या जल्लोषात कोणी विचारल्याच नाहीत. ज्या मालकाला ठाऊक असते की पुढचा सामना जिंकला की सारे विसरले जाते, त्याला हिशेब देण्याची निकड का वाटावी? आणि जो चाहता स्वतः मित्रांत शेपाचशेची पैज लावून सामना पाहतो, त्याच्या संतापाला वजन ते काय उरणार?

नागपूरच्या शशांक मनोहर यांनी २०१६ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे स्वतंत्र अध्यक्षपद स्वीकारण्यापूर्वी भारतीय मंडळाचे अध्यक्षपद सोडले. नव्या नियमाने ते आवश्यकच होते. परंतु असे नियम मोठ्या मंडळांपुरतेच चांगले, असे मात्र नाही. आपल्या गावची पतसंस्था, शाळेची समिती, धर्मग्रामाचे मंडळ, तरुणांचा कबड्डी संघ, या सर्वांचे कोणी तरी राखणदार आहेत, आणि प्रत्येक राखणदाराला भाऊ, भाचा, जावई आहेत. कर्जाचा अर्ज जावयाचा असेल त्या दिवशी सासऱ्याने बैठकीतून उठून बाहेर बसावे. हिशेबात चूक भाच्याची निघाली, तर तपासणी मामाने करू नये. यात नात्याचा अपमान नाही. उलट, चौकशीअंती भाचा निर्दोष ठरला तर त्यावर लोकांचा विश्वास बसतो, तो मामा बाहेर बसला होता म्हणूनच.

म्हणून आमच्या तरुण मित्रांना आमचे सांगणे असे: तुमचा राग योग्य होता, तो वाया घालवू नका. दूरच्या मालकाला तुम्ही जो प्रश्न विचारलात, तोच उद्या तुमच्या हाती एखाद्या संस्थेच्या किल्ल्या येतील तेव्हा स्वतःला विचारा. जे आपल्या ताब्यात आहे ते कोणाच्या विश्वासावर उभे आहे, याचा विसर पडला नाही, तर आपल्याच घरातील माणूस चुकला त्या दिवशी खुर्चीवरून उठणे फारसे अवघड जाणार नाही.