धुऱ्याचा वाद

झरी जामणीस आमच्या कीर्तनाला दोघे सख्खे भाऊ आले. बसले मात्र मांडवाच्या दोन टोकांना. कारण काय, तर शेताचा धुरा! म्हणून आम्ही दृष्टांतास ग्रीस देश घेतला.

अथेन्स आणि स्पार्टा यांची भाषा एक, देव तेच, ऑलिंपियाची जत्राही एकच. तरी इ. स. पूर्व ४३१ ते ४०४ ती झुंजली. अथेन्स बुडावे म्हणून स्पार्टाने दोघांचा जुना वैरी जो इराण, त्याचा पैसा घेतला. पुढे इ. स. पूर्व ३३८ त मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्स यांना एकाच रणात लोळवले.

परके म्हणून हसू नका. १७६३ त नागपूरच्या जानोजी भोसल्यांनी निजामाच्या साथीने पुणे लुटले. १७६९ त पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले. फळ काय? १८१७ त सीताबर्डीस नागपूरकर हरले, १८१८ च्या एप्रिलात आपल्या शेजारी पांढरकवड्याकडे बाजीरावांची फौज इंग्रजांनी उधळली. दोघेही एकेकटे!

बाबांनो, भाऊ भावाचा धुरा कोरतो, पीक तिसराच नेतो. विठ्ठलाच्या पायी माथा ठेवायचा, तर शेजारचा माथा भावाचा आहे हे ओळखा.

आरतीला थोरल्याने धाकट्यास बुक्का लावला. धुरा अजून मोजायचा आहे. पण आता दोघे मिळून मोजतील.