उतारशाळेत ठेवलेले दोन दिनार



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरी फुलांनी झाकल्या जातात, मृतांसाठी मिस्सा अर्पण होतात. या निमित्ताने एका वेगळ्या दानाविषयी बोलावेसे वाटते. ते म्हणजे आजारावरील संशोधनासाठी दिलेले दान.

मेंदूत ट्यूमर निघाला की सारे घर हादरते. काही वेळा तर माणूस डोळ्यांदेखत शब्द विसरू लागतो. अशा रुग्णाच्या औषधपाण्यासाठी मदत मागितली तर आपला हात आखडत नाही. पण संशोधनासाठी मागितली, की आपण विचारतो, "त्याने कोण वाचला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही प्रामाणिक हवे.

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय उग्र कर्करोग. रक्तातून मेंदूत काय जावे यावर शरीराचाच कडक पहारा असल्याने पुष्कळ औषधे तेथे पोहोचत नाहीत. टेमोझोलोमाइड पोहोचते. इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठात प्रा. माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात ते तयार केले. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कॅन्सर रिसर्च कॅम्पेन या संस्थेने त्या कामाला पैसा पुरवला. १९८७ मध्ये लंडनला रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि १९९९ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. २००५ साली ५७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता किरणोपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात सुमारे १० जण हयात होते. सोबत हे औषध घेतलेल्यांत सुमारे २६. निम्मे रुग्ण जिथवर पोहोचले तो काळ मात्र १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांपर्यंतच वाढला.

एवढ्या वर्षांच्या कष्टाचे फळ एवढेच? होय, एवढेच. रोग अजून हटलेला नाही. पण लेकीच्या प्रथम ख्रिस्तशरीराचा दिवस पाहायला मिळालेल्या आईला ते थोडे वाटणार नाही.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आठवा. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले, पुढचा खर्चही कबूल केला आणि तो आपल्या वाटेला लागला. तो जखमी बरा झाला की नाही, हे संत लूक सांगत नाही. प्रभू येशूनेही ते विचारले नाही. शेजारी कोण ठरला, एवढेच त्याने विचारले. संत थॉमस अक्विनस यांच्या मते प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. ते भले आपल्याला दिसलेच पाहिजे, अशी अट प्रेमाला नाही. संशोधनासाठी देणारा ज्याला मदत करतो, तो रुग्ण कदाचित अजून जन्मलाही नसेल. तो आभार मानायला येणार नाही.

आपल्या मुंबईलाही हे दान ठाऊक आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्याच रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने निधी उभारला. त्याच वर्षी तेही गेले. परळचे टाटा रुग्णालय उघडले १९४१ मध्ये. त्यांनी ते पाहिले नाही, पण आज आपण आपले रुग्ण तेथे नेतो.

दोराबजींची संपत्ती आपल्याकडे नाही. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडेही नव्हती. अंत्यविधीला आपण पुष्पचक्रांवर किती खर्च करतो! दोन दिवसांत ती कबरीवर सुकून जातात. एखादे पुष्पचक्र पुरे. उरलेले पैसे त्या मृत व्यक्तीच्या नावाने कर्करोगाच्या संशोधनाला द्यावेत, अशी माझी विनंती आहे. मात्र शेजारच्या रुग्णाचा वाटा तोडून नको. संस्था नोंदणीकृत आहे ना, पैसा कशावर खर्च होतो, हे जरूर विचारा आणि पावती घ्या. दान डोळस असावे.

आपल्या मृतांना प्रभू चिरशांती देवो, आणि आपल्याला न दिसणाऱ्या शेजाऱ्यावरही प्रेम करण्याची कृपा देवो.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू