नळ सोडण्याआधी

सकाळी दात घासून चूळ भरली की बेसिनमध्ये कधीकधी गुलाबी पाणी दिसतं. आपण नळ सोडतो आणि चहाचं आधण ठेवायला वळतो. विळीवर बोट कापलं तर लगेच हळद शोधतो. हिरडीतून रोज येणाऱ्या रक्ताला मात्र ‘ब्रश कडक असेल’ एवढंच म्हणून सोडून देतो.

माझी आत्या मिशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की घरभर ठसका उठायचा. आपल्या एकाही दाताला कीड नाही, याचा तिला अभिमान होता. पन्नाशीच्या आतच तिचे पुढचे दात हलू लागले आणि फारसे न दुखता एकेक करून पडले. दात धडधाकट होते. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलं होतं. कुणीतरी दात साफ करून घ्यायला सांगितलं, तेव्हा ‘त्यानं दात खिळखिळे होतात’ म्हणून तिनं नकार दिला. हा समज आजही घरोघरी आहे. खरं तर किटण निघाल्यावर ज्या फटी जाणवतात, त्या आधीच पडलेल्या असतात; किटणानं त्या बुजवलेल्या असतात, इतकंच.

हिरड्यांचा आजार बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच तो आत खोल जातो. सुरुवातीला नुसती सूज असते. दातावरचा चिकट थर निघाला की हिरडी पूर्ववत होते. थर राहिला तर त्याचं किटण बनतं आणि ते ब्रशनं निघत नाही. मग दात आणि हिरडी यांमधली खाच खोलावत जाते. दंतवैद्य खुणा केलेल्या बारीक सळईनं ती मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 5-6 भरली, तर बहुधा हाड झिजू लागलेलं असतं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

नुसतं रक्त येत असेल तर नेहमीचे दंतवैद्य पुरेसे आहेत. पण सफाई करूनही रक्त थांबत नसेल, हिरडी सरकून दात लांब दिसू लागले असतील, नव्या फटी पडल्या असतील, दाबल्यावर पू येत असेल किंवा दात हलत असेल, तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे जावं. बीडीएसनंतर 3 वर्षं याच विषयात एमडीएस केलेले हे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे पैशांसाठी अडून राहू नये. मधुमेहींनी तर अजिबात थांबू नये. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून रक्त दिसत नाही यावर त्यांनी विसंबू नये.

उद्या चूळ भरल्यावर नळ सोडण्याआधी एकदा बेसिनमध्ये पाहा. आणि घरात मिशेरी लावणारी कुणी असेल, तर तिला खिडकीपाशी उजेडात बसवून तिच्याही हिरड्या पाहा.