ताप गेला, सांधे धरले

1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची साथ आली, तेव्हा गावातली सुमारे 37 टक्के माणसं अंथरुणाला खिळली. ती ओसरली आणि पुढची तीसेक वर्षं देशात या आजाराची मोठी साथ झालीच नाही. विषाणूमुळे होणारी सांधेदुखी म्हणजे तापाचं शेपूट, तापामागोमाग तीही जाणार, ही समजूत त्या शांततेत टिकून राहिली.

2006 साली ती मोडली. मालेगाव, पुणे परिसर, मराठवाडा करत साथ पसरली आणि देशातल्या संशयित रुग्णांचा आकडा 13 लाखांवर गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) तपासलं तर हा विषाणू जुन्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकी होता. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे 2000 साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत मिळालेला विषाणूही याच वंशाचा निघाला. पाहुणा कधीचाच ओसरीवर येऊन बसला होता!

या साथीत ताप गेला तरी अनेकांचे सांधे धरलेलेच राहिले. डोंबिवलीकराला सांध्यांचं मोल स्टेशनात कळतं. पुलाचे जिने चढायचे, लोकलच्या दाराचा दांडा मुठीत पकडायचा, ठाण्यापर्यंत उभ्याने जायचं. ताप उतरून तीन महिने झाले तरी सकाळी ज्याची मूठ वळत नाही, त्याला 'अशक्तपणा आहे, जाईल' हे उत्तर पुरत नाही.

डॉक्टरांनाही ते पुरेनासं झालं. दोन्ही मनगटं सुजलेली, बोटं सकाळी आखडलेली: हे चित्र तर आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आरए). पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांध्यांच्या आजारांची मोजदाद केली होती. साथीनंतर त्यांच्या पथकाने या दुखण्याचाही माग काढला. बहुतेकांचं दुखणं निवळलं. थोड्यांचं मात्र आमवाताच्या वाटेने रेंगाळलं.

का रेंगाळलं? 1985 मध्ये फुजिनामी आणि ओल्डस्टोन यांनी दाखवलं होतं की विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा आपल्याच शरीरातल्या प्रथिनासारखा असला, तर प्रतिकारशक्ती घरच्यांवरच उलटू शकते. त्यांचा प्रयोग मज्जातंतूंच्या आवरणाबद्दल होता, पण सांध्यांच्या अभ्यासकांनी ती कल्पना लगेच उचलली. दुसरा पक्ष म्हणत होता, विषाणू गेलेलाच नाही, लपलाय. 2010 मध्ये रियुनियन बेटावरच्या एका रुग्णात तापानंतर दीड वर्षाने सांध्याच्या अस्तरात त्याच्या खुणा सापडल्या. उलट 2018 मध्ये कोलंबियातल्या 38 रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात, सुमारे 22 महिन्यांनी, विषाणू कुठेच मिळाला नाही. एकांनी अस्तर पाहिलं, दुसऱ्यांनी द्रव. त्यामुळे वाद मिटला असं म्हणणं घाईचं ठरेल.

'चिकनगुनियाने आमवात होतो' हे वाक्य त्याहून घाईचं. अशा बहुतेक रुग्णांत आमवाताची ओळख मानली जाणारी प्रतिद्रव्यं सापडत नाहीत. मग आमवातावरची औषधं लागू पडतील का? मलेरियात आणि संधिवातातही चालणारं क्लोरोक्विन सर्रास दिलं जात होतं. चोप्रा यांच्या पथकाने ते मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाशी ताडून पाहिलं आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापला: क्लोरोक्विनचा वेगळा फायदा दिसला नाही.

आता दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही आमवाताची प्रतिद्रव्यं तपासतात. दोन्ही निगेटिव्ह आले तरी सूज खरी असते आणि तिच्यावर उपचार करावेच लागतात. फक्त ते जन्मभराचे आहेत असं पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगण्याचं कारण नसतं.